डिप्रेशनचं तेल

बायकोची लाल नेलपॉलिश मी रात्री दहा वाजता चोरली आणि आमच्या बोलेरोला खालून लावली. तोंडात बॅटरी, गाडीखाली उताणा नवरा आणि त्याच्या हातात आपली बाटली, हे दृश्य बायकोने दारातूनच पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला माझ्या कशाचाच धक्का बसत नाही. "सगळी संपवू नका, उद्या हळदीकुंकू आहे," एवढंच म्हणून ती आत गेली.

गाडी चालवणाऱ्याला इंजिनाचं ऑइल माहीत असतं, कारण ते बघायला पट्टी दिलेली असते. पण इंजिनामागे गिअरबॉक्स असतो, गिअरबॉक्समागे लांब दांडा असतो आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी भोपळा असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. एकाच दांड्याच्या कमाईवर त्या दोघांना भांडण न होता सांभाळायचं काम हा भोपळा करतो, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाचंच काम. पुस्तकात त्याला डिफरन्शल म्हणतात. आमच्या निपाणीतले एक मेस्त्री त्याला 'डिप्रेशन' म्हणतात, आणि कामाचं स्वरूप बघता मला तेच नाव बरोबर वाटतं.

"साहेब, तुमचं डिप्रेशन आवाज कराय लागलंय," ते म्हणाले होते. "तेल बदला."

मी बिल काढून दाखवलं. "मागच्याच सर्व्हिसिंगला बदललंय की."

मेस्त्रींनी बिलाकडे पाहिलं, भोपळ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यामुळेच मी नेलपॉलिशपर्यंत पोहोचलो.

आता निपाणीकराची अडचण समजून घ्या. आम्ही राहतो कर्नाटकात. पण चालत देवचंद कॉलेजला गेलं की अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, म्हणजे महाराष्ट्र. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असं सुचवलं, आणि ते काही झालं नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालूच आहे. त्यामुळे आमच्याकडे पोर बोलायला लागलं की तीन गोष्टी शिकतं : मराठी, कन्नड आणि गाऱ्हाणं.

शोरूमचंही तसंच. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कोल्हापूरला जायचं तर कोगनोळीचा टोल, बेळगावला जायचं तर हत्तरगीचा. सीमाप्रश्न तापला की कोगनोळीला नेत्यांना अडवतात, म्हणून मी बेळगावला जातो. डिसेंबरात बेळगावला अधिवेशन भरलं की रस्तोरस्ती पोलीस, म्हणून मी कोल्हापूरला जातो. बेळगावचा माणूस बॉनेट उघडून विचारतो, "ह्याच्या आधी कोल्हापुरात केलायसा काय? मग असंच होतंय की सर." कोल्हापूरचा माणूस चाकाला लाथ मारून विचारतो, "बेळगावात दाखवली होती? तरीच!" दोन्ही राज्यांचं एका बाबतीत एकमत आहे की माझी गाडी दुसऱ्याने बिघडवली.

नेलपॉलिश लावल्यावर मी ज्या शोरूमला गेलो त्याचं नाव सांगत नाही. ते टोलनाक्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही सांगत नाही, उगाच दोन राज्यांत आणखी एक वाद नको. तिथे एक इस्त्रीचा तरुण हातात टॅब घेऊन आला. "सर, गाडी बघितली. थोडी कामं निघालीत." नांगरताना शेतात दगड निघावेत तशी ही कामं निघतात. संध्याकाळी बिल आलं. त्यात गिअर ऑइल होतं, डिफरन्शल ऑइल होतं, मजुरी होती आणि 'कन्झ्युमेबल्स' होतं.

"हे कन्झ्युमेबल्स म्हणजे काय?"

"सर, जे कामात खर्च होतं ते."

"काय खर्च झालं?"

"ते खर्च झालं ना सर."

ह्यावर शंकराचार्यांनाही बोलता आलं नसतं. मी पैसे भरले, घरी आलो, बॅटरी तोंडात धरली आणि गाडीखाली शिरलो. भोपळ्याच्या बुचावरून भोपळ्यावर उतरलेली माझी लाल रेघ जशीच्या तशी होती. बुचाला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. तेल अखंड सौभाग्यवती होतं.

रागापेक्षा मला आनंद झाला, हे आज कबूल करायला हरकत नाही. फसवलो गेल्याचा पुरावा हातात असणं ह्यासारखं सुख नाही. पुढचे पंधरा दिवस मी कट्ट्यावर ती रेघ सांगत होतो. ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाकडे आपापली रेघ होती. एकाचा नवा टायर जुना निघाला होता, एकाच्या गाडीत बॅटरीच दुसऱ्याची बसली होती. शेवटी आमचे आबा म्हणाले, "आम्ही काय बैलगाडी शोरूमला न्हेत होतो काय? चाक काढायचं, आसाला वंगण चोपडायचं, चाक बसवायचं. बिल शून्य."

"आबा, आता वंगण फक्त कचेरीत लागतं," कुणीतरी म्हणालं. पण माझ्या डोक्यात ठिणगी पडली होती. एका बाजूला कोल्हापूरच्या फाउंड्र्या, दुसऱ्या बाजूला बेळगावचं उद्यमबाग. दोन्हीकडे लेथवर लोखंड लोण्यासारखं कापतात. त्या दोहोंच्या मधोमध जन्मलेल्या माणसाला एक बूच उघडता येऊ नये? मी प्रतिज्ञा केली, की ह्यापुढे गाडीच्या पोटात माझाच हात.

दुकानात गेलो. "गिअर ऑइल द्या."

"कुठलं देऊ? ऐंशी-नव्वद की पंच्याऐंशी-एकशे चाळीस? जीएल-४ की जीएल-५?"

दहावीच्या गणितानंतर एवढे आकडे मला कुणी एकदम विचारले नव्हते. दुकानदार दयाळू होता. त्याने सांगितलं, की ८०-डब्ल्यू-९० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा थंडीतल्या दाटपणाचा. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण तेल गोठण्याइतकं नाही, म्हणून ऐंशी-नव्वद पुरेल. मग त्याने आणखी एक चमत्कार सांगितला : गिअर ऑइलचा नव्वद आणि इंजिन ऑइलचा चाळीस-पन्नास हे दाटपणाला जवळजवळ सारखेच असतात, फक्त मोजायच्या पट्ट्या वेगळ्या. हे मात्र मला लगेच कळलं. तोच माणूस, तीच भाषा, तीच भाकरी. नाक्याच्या अलीकडे एक नंबर, पलीकडे दुसरा.

"आणि जीएल?"

"पाच भोपळ्याला. गिअरबॉक्सचं पुस्तकात बघून घ्या."

पुस्तक कुठे बघत बसायचं? चारपेक्षा पाच मोठा, हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. जीएल-५ चा पाच लिटरचा डबा घेतला. त्यासोबत रिंग पान्यांचा संच, बॉक्स पान्यांचा संच, नळी, नरसाळं, हातमोजे आणि गाडीखाली सरकायची चाकांची फळी. ही फळी आमच्या अंगणातल्या शहाबादी फरशीच्या पहिल्याच सांध्यात अडकली आणि मी तिच्यावरून पुढे गेलो, पण ते नंतर.

दिवस निवडला रविवार. सोमवारी बेळगावात शहापूरला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा. तेल बदललेल्या गाडीतून, मनातल्या मनात मिशीला पीळ देत, उतरायचं असा बेत होता.

तेल गरम असताना काढावं म्हणजे मळासकट वाहून येतं, एवढं मी ऐकलं होतं. म्हणून सकाळी तवंदी घाट चढून उतरून आलो. तेल गरम झालं. पण तेलाबरोबर सायलेन्सरही गरम होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला माझ्या डाव्या कोपराने सांगितलं.

कोपर फुंकत पुन्हा आत सरकलो, तर वारा फिरला. निपाणीत वारा फिरला की कुठल्या तरी वखारीतून तंबाखू येतेच. बाहेरचा पाहुणा दिवसभर शिंकतो, आम्हाला सवय आहे. पण ती सवय उभ्याने. उताण्या माणसाच्या नाकात तंबाखू गेली तेव्हा मी अशी शिंकलो की कपाळ थेट डिप्रेशनवर आपटलं.

"काय मोडलं काय?" समोरच्या ओट्यावरून मावशींनी विचारलं. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. बोटं विड्यांकडे, डोळे माझ्याकडे.

"कपाळ."

"मग काय न्हाई. मला वाटलं गाडीचं."

खालचं बूच मात्र छान निघालं. इतकं छान, की तेलाची धार घमेल्याच्या वरून उडी मारून थेट माझ्या बाहीत शिरली. गिअर ऑइलचा वास ज्यांनी घेतला नसेल त्यांनी नासकी अंडी, जळका कांदा आणि जुनं मोजे ठेवायचं कपाट एकत्र करून पाहावं. दात दातावर घासतात तिथे तेलाचा थर फाटू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात, त्याचा हा सुगंध. निपाणीच्या तंबाखूला हरवणारा वास मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

पण मी खूश होतो. काळंकुट्ट तेल थेंबथेंब संपलं. मग मी वरच्या बुचाला पाना लावला. त्याच बुचातून नवं तेल भरायचं असतं.

वरचं बूच हललं नाही.

मी जोर लावला. पाना घसरला. हातोडी मारली. बोटावर बसली. मावशी म्हणाल्या, "शंभर विड्या झाल्या माझ्या. तुमचं एक बूच निघंना?"

आता परिस्थिती अशी होती, की भोपळ्यातलं होतं नव्हतं ते तेल घमेल्यात होतं, नवं आत घालायला वाट नव्हती, आणि उद्या साखरपुडा. कोरड्या भोपळ्यावर गाडी नेली तर आतले दातच पडणार. मी मेव्हण्याला बेळगावला फोन लावला.

"दाजी, तुम्ही कशाला हात घालूलालाय त्याच्यात?" तो म्हणाला. "थांबा, माझ्या ओळखीचा मेस्त्री हाय. खरं त्याला मराठी येत नाही हं. स्पीकरवर घ्या."

माझं कन्नड बसच्या पाट्या वाचण्यापुरतं. मी फोन फरशीवर ठेवला, आवाज मोठा केला आणि अडखळत काय झालं ते सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग मेस्त्रीचा टाहो फुटला.

"अय्यो! मोदल म्यालिंद री! म्याल! म्याल!"

त्याचं म्हणणं साधं होतं, आणि जगातल्या कुठल्याही मेस्त्रीचं ह्या बाबतीत तेच म्हणणं असतं : आधी वरचं बूच सोडवून बघावं, ते निघतंय अशी खात्री झाल्यावरच खालच्याला हात लावावा. कन्नडमध्ये वर म्हणजे 'मेले', आणि बेळगावकडच्या तोंडात त्याचं होतं 'म्याल'. मला हे कळायला अर्धं मिनिट लागलं. गल्लीला तेवढंही लागलं नाही. गल्लीला वेगळंच कळलं.

आबा काठी टेकत बाहेर आले. "कोन म्येलं?"

मावशींची बोटं थांबली. वीस वर्षांत मी ती पहिल्यांदाच थांबलेली पाहिली. "अगं बाई! बेळगावास्नं फोन हाय. म्येलं म्येलं म्हणून कोनतरी रडालंय."

मी गाडीखालून ओरडलो, "कोणी नाही! वरचं!"

"वरच्या घरातलं?" मावशींनी डोक्यावर पदर घेतला.

पंधरा मिनिटांत अंगणात माणसं जमली. कोणी पांढरी टोपी घालून आलं. कोणी चहाची किटली आणली, कारण अशा घरात चूल पेटवत नाहीत. माझा गाडीखालचा अवतार, कपाळावरचं टेंगूळ आणि डोळ्यांतलं तंबाखूचं पाणी बघून लोकांची खात्रीच पटली. "रडून घे, रडून घे," एक काका माझ्या पायाच्या अंगठ्यावर थोपटत म्हणाले. माझा बाहेर असलेला तेवढाच भाग त्यांना सापडला होता.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. "दाजी, मला इथं सांत्वनाचे फोन येऊलालेत! उद्या माझ्या पोरीचा साखरपुडा हाय! कोण गेलंय म्हणे?"

"कोणी नाही रे. डिप्रेशन गेलंय."

"कुणाला डिप्रेशन? ताईला?"

बायकोने फोन माझ्याकडून घेतला आणि बाजूला जाऊन बराच वेळ बोलली. काय बोलली ते कळलं नाही. "आधीपासूनच" एवढा एक शब्द ऐकू आला.

पण दुखवट्याला आलेल्या माणसांचं एक असतं, ती हात रिकामे ठेवून बसत नाहीत. पलीकडच्या गल्लीत ट्रक चालवणारे एक मामा आले होते. त्यांनी टोपी खिशात घातली, वाकून बघितलं आणि विचारलं, "पायप हाय काय एखादा?" न्हाणीघराच्या नळाचा उरलेला हातभर लोखंडी पाइप आणला. त्यांनी तो पान्याच्या दांड्यावर चढवला, टोकाला एका हाताने टेकले आणि 'कट्ट' झालं. सकाळी नऊपासून मी जे करत होतो ते मामांनी चहा गार व्हायच्या आत केलं.

मग सगळी गल्ली कामाला लागली. खिडकीतून नळी खाली सोडली, वर नरसाळं धरायला आबा, डबा ओतायला काका. तेल बुचाच्या काठाशी येऊन ओघळलं की भरलं समजायचं, एवढी साधी मोजणी. मी खालून "बास!" म्हणालो. काकांना कमी ऐकू येतं. जादाचं तेल माझ्या गळ्यापर्यंत आलं. त्याच उत्साहात मामांनी गिअरबॉक्सचंही उरकून दिलं. डबा होताच, जीएल-५. जुनं तेल मागायला लगेच दोघे आले, एकाला दाराच्या चौकटीची वाळवी मारायची होती. मामांनी ते नेऊन आपल्या गॅरेजच्या पिंपात ओतलं. "मजुरी किती?" विचारलं तर म्हणाले, "मयताला आलेला माणूस मजुरी घेतो काय?"

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला वेळेवर पोहोचलो. तीन वेळा अंघोळ केली होती, तरी मांडवात माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कुंदा घेऊन येणारा पोरगा माझ्यापासून चार हात लांबूनच वळला. नवऱ्या मुलाच्या आईने हळूच विचारलं, "गॅस लीक होतोय काय हो?" मेव्हणा म्हणाला, "नाही. आमचे दाजी."

घरी येऊन हिशेब केला. शोरूमने न बदललेल्या तेलाचे घेतले होते २१४० रुपये. मी स्वतः बदललेल्या तेलाला हत्यारांसकट लागले ६८७०, शिवाय कोपराला मलम. म्हणजे आणखी तीन-चार वेळा बदललं की पैसे वसूल. हा हिशेब मी बायकोला उत्साहाने ऐकवला. तिने काही न बोलता पान्यांचा संच माळ्यावर, चकलीच्या सोऱ्याच्याही मागे टाकला.

तीन महिन्यांनी ब्रेकसाठी शोरूमला जावं लागलं. तेच, रेघवालं. टॅबवाला तरुण चक्कर मारून आला. "सर, गिअर जरा कुरकुरतोय. तेल कुठलं घातलंय?"

ह्याच प्रश्नाची मी तीन महिने वाट बघत होतो. "मी स्वतः बदललंय," मी छाती पुढे काढली. "जीएल-५!"

तो गप्प झाला. मग डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "सर, ते भोपळ्याला ठीक. गिअरबॉक्सला आपल्या पुस्तकात जीएल-४ लिहिलंय. आत पितळेची कडी असतात, जास्त गंधकवाल्या तेलाने त्यांचं बरं होत नाही." बॉनेट उघडून त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "कुठं केलं होतं हे? नाक्याच्या पलीकडं?"

नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे मीच होतो. दोष द्यायला पहिल्यांदाच कोणी शिल्लक नव्हतं. मी म्हणालो, "बदला."

पण स्वभाव जात नाही. आदल्या रात्री सगळ्या बुचांना नेलपॉलिश लावूनच मी गेलो होतो. रात्री घरी आलो, बॅटरी तोंडात धरली, आत शिरलो. गिअरबॉक्सच्या दोन्ही बुचांवरची रेघ तुटलेली होती. खालीसुद्धा, वरसुद्धा. बूच पुसून स्वच्छ केलेलं, वायसर नवा चकाकत होता. पोरांनी खरोखर तेल बदललं होतं.

मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. इतकं रिकामं मला खालचं बूच काढल्यावरही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर सगळे वाटच बघत होते. "काय, ह्या वेळी कितीला घातला?"

"नाही घातला. रेघ तुटली होती. तेल बदललं त्यांनी."

कट्टा शांत. कोणीतरी म्हणालं, "असं होणारच नाही." दुसरा म्हणाला, "नेलपॉलिश हलकी आसंल." तिसऱ्याने नुसतं तोंड फिरवलं. आबा काठीशी चाळा करत बसले. चहाची ऑर्डर कोणी देईना. एवढी चाळीस वर्षांची मैत्री, माझ्या एका प्रामाणिक बिलाने कोरडी पडायची वेळ आली.

मला राहवलं नाही. मी खिशातून बिल काढलं, चष्मा लावला आणि हळू आवाजात म्हणालो, "वायसर मात्र दोन लावलेत."

"दोन?"

"दोन."

"तरीच!" सगळे एकदम म्हणाले, आणि टपरीवाल्याला हाक गेली, "ए, पाच कटिंग टाक!"